रिकामी चक्रं

श्रीपादनं खिशातला रुमाल काढला आणि फळ्यावरचा पियूषचा आकडा पुसला. डस्टर बाजूलाच होतं, पण डस्टरनं ते समाधान मिळालं नसतं. मग त्यानं तिथे स्वतःचा आकडा लिहिला. पियूषच्यापेक्षा चांगलाच लहान. आकडा लहान म्हणून अक्षर मोठं काढलं.

मालक उदाजीराव दारातूनच ओरडले, "अरे भिया, इतकं बारीक कसं झालं?"

"काही नाही. थोडा हात फिरवला."

खोटं होतं. हात फिरवला नव्हता, श्रावणाचे सगळे रविवार घातले होते.

देवासच्या औद्योगिक भागात उदाजीरावांच्या शेडमध्ये आरतीची मशिनं बनायची. एक नगारा, दोन झांजा, एक घंटा आणि ते सगळं वाजवणारी एक चिप. माणसं जमोत न जमोत, बटण दाबलं की आरती दणक्यात. चिप स्वस्तातली, तिच्यात जागा कमी, म्हणून प्रोग्राम जितका लहान तितक्या जास्त आरत्यांचे ठेके तिच्यात मावायचे. फळ्यावरचा आकडा या प्रोग्रामच्या आकाराचा. पहिल्या मशिनचा प्रोग्राम श्रीपादनं लिहिला होता आणि पुढची आठ वर्षं तो शेडमधला एकुलता एक हुशार माणूस होता. मग मागच्या वर्षी, दोन हजार सातच्या दिवाळीनंतर, पियूष आला.

पियूष देवासचाच. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याहून आलेले, पोरगा हिंदी शाळेत शिकलेला. मराठी बोलताना मधेच गाडी हिंदीच्या रुळावर जायची. पण कंपायलर म्हटलं की त्याला कोणतीच भाषा परकी नव्हती. आपण लिहितो तो प्रोग्राम माणसाला कळतो, चिपला कळतो तो वेगळा. कंपायलर या दोन्हींच्या मधे एक तिसरंच रूप तयार करतो, जे धड माणसाचं नाही, धड चिपचं नाही. पियूषनं त्या मधल्या कोडवर बसणारं एक प्लगइन लिहिलं. ते प्रत्येक ओळ वाचायचं, दोनदा केलेलं काम एकदाच करायचं, बाकी छाटायचं. वीस आरत्यांची चिप बत्तीस आरत्यांची झाली. उदाजीरावांनी त्या दिवशी अख्ख्या शेडला पोहे-जलेबी खाऊ घातली, आणि पियूषला जलेबी स्वतःच्या हातानं.

तिथवर श्रीपादनं सोसलं. पण पियूष घरात शिरला. आईवडील साताऱ्याला परतल्यापासून एकटा राहतो म्हणून वासंतीनं, म्हणजे श्रीपादच्या बायकोनं, त्याला डबा सुरू केला. त्याला तिखट सोसत नाही म्हणून सगळ्या घराचं तिखट उतरलं. श्रीपादनं ठेचा मागितला की वासंती म्हणायची, "अहो, डब्यासाठी वेगळं कुठे करत बसू?" मुलगी चिऊ तिच्या गणिताची वही घेऊन बापाला ओलांडून पियूषदादाकडे जायची. आणि धारहून तात्यासाहेबांचा फोन आला की ते आधी विचारायचे, "तो मुलगा कसा आहे?" त्यानंतर, वेळ उरला तर, "तू बरा आहेस ना?"

तात्यासाहेब हे श्रीपादचे वडील. त्यांचे आजोबा धार दरबारात अधिकारी होते आणि तात्यासाहेब स्वतः निवृत्त हेडमास्तर, पण रुबाब दरबाराचा. कौतुक हा प्रकार ते जपून वापरत. श्रीपादच्या वाट्याला ते एकदा मॅट्रिकला आलं होतं.

म्हणून श्रीपादनं चोरून स्वतःचं प्लगइन लिहिलं. चोरून अशासाठी, की काल आलेल्या पोराची नक्कल केली असं कोणी म्हणू नये. रविवारी शेड बंद असताना तो येऊन बसायचा. घरी सांगायचा, स्टॉक मोजतोय. प्लगइनला नाव द्यावं लागतं, त्यानं 'चिऊ' दिलं. नियम साधा ठेवला: मधल्या कोडमध्ये ज्या कामातून काहीच निघत नाही, ते फेकून द्यायचं. प्लगइननं पहिल्याच झटक्यात इतकं फेकलं की श्रीपादला स्वतःच्या हुशारीची भीती वाटली. काय फेकलं ते त्यानं पाहिलं नाही. आकडा पाहिला.

पडद्यावर तपासणी केली. नगारा, नगारा, झांज, घंटा. ठोक्यांचा क्रम बरोबर उमटला. प्रत्यक्ष वाजवून बघायला मशिन नव्हतं. शेडमधलं शेवटचं तयार मशिन आदल्या दिवशीच टेम्पोनं धारला गेलं होतं, तात्यासाहेबांच्या मंडळात. ते तिथले अध्यक्ष. गणपतीत नव्या मशिनचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते ठरलं होतं, आणि हे सगळं खरं त्यासाठीच चाललं होतं. बत्तीस नव्हे, चाळीस आरत्या, आणि तात्यासाहेब सगळ्यांसमोर विचारतील, हे कोणी केलं?

श्रीपादनं आपलं छाटलेलं मधलं कोड, कशानं छाटलं ते न सांगता, पियूषच्या हवाली केलं. पियूषनं शिरस्त्याप्रमाणे त्यावरून स्वतःचं प्लगइन फिरवलं, चिप भरली आणि दोघं उदाजीरावांच्या जीपमधून धारला निघाले. वाटेत उदाजीराव पियूषला पुढच्या सीटवर बसवून गप्पा मारत होते. श्रीपाद मागे, मोदकांच्या पात्रांसोबत.

मंडळाचा हॉल भरला होता. धारमधली सगळी जुनी मराठी घरं आली होती, टोप्या आणि नऊवारीसकट. तात्यासाहेबांनी निरांजन उचललं, दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला.

नगारा ठोके देत नव्हता, थरथरत होता. झांजांच्या पात्या दिसेनाशा झाल्या. घंटेचा टोल एकातून दुसरा निघत नव्हता, सगळे मिळून एकच किंकाळी. लोक क्षणभर गडबडले. पण आरती एकदा सुरू झाली की मधे थांबवायची नसते, हे धारमध्ये लहान पोरालाही माहीत. बटणाकडे कोणाचा हात गेला नाही. लोकांनी आरतीच धावत म्हणायला घेतली.

पहिलं कडवं संपेपर्यंत अर्धा हॉल दुसऱ्यात होता. जोशीकाकूंनी श्वास घ्यायचा सोडून दिला. तात्यासाहेबांची कवळी सुटली, त्यांनी ती उपरण्यात धरून म्हणणं चालू ठेवलं. निरांजनाची ज्योत गोल फिरायला लागली तेव्हा त्यांच्या हातात चक्र असल्यासारखं दिसलं. तेवढ्यात मशिन हादरून टेबलावर चालायला लागलं, थेट मोदकांच्या ताटाकडे. उदाजीरावांनी झडप घालून ते बकरी धरावी तसं धरलं आणि तेही त्याच्याबरोबर थरथरत आरती म्हणू लागले. शेवटी स्वतःभोवती फिरायची वेळ आली तेव्हा सगळी माणसं भोवऱ्यासारखी फिरली. दोन जण खांबाला टेकले. एक आजोबा फिरून तोंड दाराकडे ठेवून थांबले आणि तिथूनच नमस्कार करून मोकळे झाले.

मशिन थांबलं. हॉल धापा टाकत होता.

श्रीपादला ते पहिल्या कडव्यालाच कळलं होतं. दोन ठोक्यांमधला वेळ जावा म्हणून त्यानंच नऊ वर्षांपूर्वी रिकामी चक्रं लिहिली होती. चिप उगीच आकडे मोजत बसायची, तेवढ्यात वेळ जायचा. त्या मोजण्यातून काही निघत नव्हतं. प्लगइनला सांगितलं होतं तेच त्यानं केलं, लिहिणाऱ्याचंच जुनं काम उचलून बाहेर टाकलं. पियूषचं प्लगइन त्या चक्रांना हात लावायचं नाही. पोरानं ती आधीच ओळखून बाजूला ठेवली होती.

श्रीपाद खांबाच्या आड सरकला. पियूष मात्र पुढे गेला.

"गलती माझी आहे," तो म्हणाला. "सकाळी मी प्लगइनमध्ये एक छोटा बदल केला होता. त्यातच काही तरी राहिलं असणार. माफी मागतो, आजोबा."

पोराला खरंच तसं वाटत होतं. श्रीपादला वर्षभरात पहिल्यांदा तो आवडला. खांबाआड उभ्याउभ्या त्यानं एक मोदक खाल्ला, आणि मोदक गरम होता.

हेच बिनसलं. मोदक सगळ्यांनाच गरम मिळाले. मंडळाच्या इतिहासात प्रसाद कधी गरम मिळाला नव्हता. आरत्या संपेपर्यंत तो थंड व्हायचा आणि म्हातारे उभ्याउभ्या कलायचे. पोरं 'पुन्हा, पुन्हा' करत मशिनभोवती जमली. जोशीकाकूंचा श्वास परत आला आणि त्या हसत सुटल्या. तात्यासाहेबांनी कवळी बसवली, गुडघ्यावर हात ठेवला, तो उचलून पुन्हा ठेवून बघितला.

"चाळीस वर्षांत प्रथमच आरतीनंतर गुडघे बोलले नाहीत," ते म्हणाले. मग हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात, "पियूष, इकडे या. चूक करावी तर अशी करावी."

आणि पियूषच्या पाठीवर हात ठेवला. श्रीपादनं तो हात ओळखला. मॅट्रिकचा होता.

तिथेच अमझेऱ्याच्या मंडळाचे दोन जण उदाजीरावांना भेटले. त्यांना अनंत चतुर्दशीला हीच सुपरफास्ट आरती हवी होती. उदाजीरावांनी शब्द दिला. पियूष लाजून 'मी काहीच नाही केलं' म्हणत होता आणि ते खरं आहे हे एकट्या श्रीपादला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धारच्या घरी तात्यासाहेब चहा घेत असताना, श्रीपाद समोर जाऊन बसला. रात्रभर त्यानं वाक्यं जुळवली होती. बोलताना सगळी एकदम बाहेर पडली, कालच्या आरतीसारखी. ती चूक माझी होती, मी एक वेगळं प्लगइन लिहिलं, त्यानं माझीच चक्रं काढली, पियूषचा त्यात काही संबंध नाही.

तात्यासाहेबांनी बशी खाली ठेवली.

"श्रीपाद, दुसऱ्याचं श्रेय घेऊ नये."

"श्रेय नाही, तात्या. चूक. चूक माझी आहे म्हणतोय."

"तुझं काम मला ठाऊक आहे. नीटनेटकं असतं. असं काही तुझ्या हातून व्हायचं नाही." त्यांचा आवाज मऊ झाला, जो अजूनच वाईट. "आणि त्याचा हेवा करू नकोस. वयानं लहान आहे तो तुझ्यापेक्षा."

गणपतीसाठी आधीच धारला आलेली वासंती आतून सगळं ऐकत होती. तिनं बाहेर येऊन श्रीपादपुढे पोह्यांची बशी ठेवली. वर न मागता ठेचा होता. तिचा विश्वास बसला की तिला दया आली हे त्याला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

देवासला परतल्यावर पियूष दोन दिवस खुर्चीतून उठला नाही. डबा तसाच परत जायला लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो श्रीपादच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले.

"दादा, एक बोलू? कोणाला सांगू नका. माझ्याच्यानं ते पुन्हा बिघडतच नाहीये."

"म्हणजे?"

"मूळ प्रोग्रामपासून सगळं परत केलं. सकाळचा बदल टाकून बघितला, काढून बघितला. हर बार नीट वाजतं. एकदम सही, हळूहळू. उदाजीकाका रोज विचारतायत, सुपरफास्ट झालं का. अमझेऱ्याला काय सांगू?"

श्रीपादनं चहा मागवला. सावकाश प्याला. कपाच्या कडेवरून तो पियूषकडे बघत होता. इतका चांगला चहा या शेडमध्ये त्यानं कधी प्यायला नव्हता. काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. अनंत चतुर्दशी येईल, अमझेऱ्याची आरती सावकाश वाजेल आणि पियूष इतरांसारखा होईल.

"उद्या सांगून टाकतो काकांना," पियूष म्हणाला. "की ते धारला जे झालं ते मला जमत नाही. ज्याला जमलं तो कोणी दुसराच होता, असं वाटतं कधी कधी."

चहा संपला होता. श्रीपाद रिकाम्या कपातूनच आणखी एक घोट प्याला. मग त्यानं खुर्ची थोडी सरकवली, दुसऱ्या खुर्चीपुरती जागा केली आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवर कमांड लिहिली.

"चिऊ?" पियूषनं वाचलं.

"प्लगइन आहे. माझं."

पियूष बसला. कोड खाली सरकवत गेला. एका ठिकाणी त्याचं बोट पडद्यापाशी थांबलं.

"हे एकट्यानं लिहिलंत? भारी आहे, दादा. हा भाग तर मला सुचलाच नसता." बोट थोडं खाली आलं. "पण इथे तर तुम्ही स्वतःचीच..."

"हो."

"म्हणजे त्या दिवशी..."

"हो."

पियूष हसला नाही. हसला असता तर श्रीपादला सोपं गेलं असतं. तो एकदम ताठ बसला.

"अरे, पण तिथे सगळ्यांसमोर मी... तात्यासाहेबांना तुम्ही सांगितलंत का नाही?"

"सांगितलं."

"मग?"

श्रीपादनं टेबलावरचा फोन जवळ ओढला. धारचा नंबर फिरवला, तिकडे घंटी वाजेपर्यंत थांबला आणि रिसीव्हर पियूषच्या हातात दिला.

"तूच सांग. तुझं ऐकतात ते."

आणि तो फळ्याकडे तोंड करून उभा राहिला, कान इकडे ठेवून.