अध्यक्षांचा लोड

कारंज्याच्या त्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कंपनीत अध्यक्षही गुलाबचंद आणि कारखाना चालवणारे व्यवस्थापकही गुलाबचंदच. संचालकांच्या सभेत ते लोडाला टेकले की अध्यक्ष होत, पुढे सरकले की व्यवस्थापक. धाकटा भाऊ लखमीचंद सत्तर सालापासून सभेचं इतिवृत्त लिही. कोण बोललं, हे तो लोडावरून ठरवी.

आज मात्र त्याचा हात चालेना. सकाळीच इंद्रभान मिस्त्रीने त्याला आगीच्या पाण्याच्या टाकीपाशी नेलं होतं. आत ठणठणाट.

"बुडाले चीर गेली जी. मोठ्या शेठले तीनदा सांगतलं. परवा जिन चालू होते, चाळीस बाया कापसात राहतीन." बोलताना त्याने गेल्या हंगामात भाजलेला हात पाठीमागे धरला होता.

गुलाबचंद लोडाला टेकले. "आगीची टाकी भरली काय?"

पुढे सरकले. "भरली."

पुन्हा टेकले. "ठीक. लिह्य, लखमी."

तिसरे संचालक माणिकराव यांनी नेहमीसारखी मान डोलावली. लखमीचंदने मागच्या वर्षीचं पान उलटलं. हाच प्रश्न, हेच उत्तर, त्याच्याच अक्षरात. पुढे बाराव्या दिवशी आग लागली, तेव्हा टाकी कोरडीच निघाली होती. बापामागे ज्याने वाढवलं, त्या भावाला थेट खोटं ठरवणं त्याला जमेना; त्याने आडून सुरुवात केली.

"दादा, काल राममंदिरात बुवा कीर्तनाले उभे होते. मधात हार कोणं घातला त्यायले?"

"म्या. काहून?"

"सोताच काहून नाही घातला त्यायनं?"

"सोताच्या गळ्यात सोताच हार घालाले तो काय येडा हाय?"

"मंग तुमचं उत्तर तुमीच कायले मंजूर करता?"

माणिकरावांची मान मधेच थांबली.

"भावाले हटवून बसाचं हाय तुले इथी?" गुलाबचंदांचा आवाज थंड होता.

"जिन तुमीच चालवा. तुमच्यावाणी कोणाले जमत नाही. पण इचारणारा दुसरा पाह्यजे. माणिकराव बसले तरी चालते."

"माहं नाव कायले घेता," माणिकराव पुटपुटले.

गुलाबचंदांनी लोड लखमीचंदकडे ढकलला. "घे. इचार."

लखमीचंदला टेकवेना. पाठ ताठ ठेवूनच त्याने विचारलं, "आगीची टाकी भरली काय?"

गुलाबचंद सवयीने पुढे सरकले. उत्तराची वाट पाहत कुणी समोर बसलंय, याची त्यांना सवयच नव्हती.

"पाहून येतो," ते म्हणाले, आणि वहाणा शोधू लागले.

लखमीचंदने प्रश्न लिहिला, उत्तराची ओळ कोरी ठेवली. बाहेरून गुलाबचंदांनी इंद्रभानला घातलेली हाक ऐकू आली. रागाची की कामाची, कळेना.