कापसाचं चिलखत

सटवाजीनं तीन वर्षं समुद्र पाहिला असं गावात म्हणत, पण खरं सांगायचं तर त्यानं पाहिला तो कोळसा. मुंबईला आरमारात गेला तो बॉयलरवरचा खलाशी म्हणून. जहाज जुनं, कोळशावर चालणारं, आणि हा त्याच्या पोटात, भट्टीच्या तोंडाशी, हातात फावडं. वर लाटा आहेत की नांगरलेलं रान, त्याला काय कळणार? पण शेहेचाळीस साली खलाशांचा संप झाला, सगळ्यांबरोबर यालाही हाकललं, आणि गडी गावात उतरला तो थेट दर्यासारंग होऊन.

गाव पैनगंगेच्या काठावर, आखाडा बाळापूरपासून चार कोस. नदीच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं वऱ्हाड. घाटावर नाव चालवणाऱ्या लखमा भोयाचं छप्पर होतं, तिथं सटवाजीच्या गोष्टी चालत. त्यातली एक ठरलेली. ती त्याला भट्टीचं काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गोऱ्यानं सांगितली होती.

"ऐंशी वर्सं झाली आसंल. अमेरिकेत एकाच देशातले लोक आपसात लढले. भाऊ भावावर. दोन्हीकडच्यांनी वाफंची जहाजं काढली, आंगावर लोखंडाचे पत्रे ठोकलेली. समोरासमोर आली, घंटेच्या घंटे तोफा डागल्या, आन् गोळे गारांवानी उडून गेले. कोनी हारलं न्हाई, कोनी जितलं न्हाई." इथं तो विडी पेटवायचा. "मंग दक्षिणवाल्यांकडलं लोखंड सरलं. तवा त्यांनी काय लावलं? कापूस. जहाजाच्या कडंनं गठ्ठेच्या गठ्ठे रचले. गोळी आत शिरती, पन भाईर निघत न्हाई."

कापूस म्हटला की ऐकणारे सावरून बसत. जन्मभर ज्याच्या मागं कंबर मोडली, त्यानं कुठंतरी तोफ अडवली हे ऐकून कुणाला बरं वाटणार नाही? लखमा तेवढा खवचट. "लोखंड तरंगतं, कापूस गोळी अडवतो," तो म्हणायचा, "मंग तुला काहून हाकललं रे?"

ही गोष्ट एकच माणूस ऐकायला येत नसे, तो म्हणजे सटवाजीचा थोरला भाऊ ग्यानबा. तो घाटाच्या वर, करोडगिरीच्या नाक्यावर शिपाई होता. नदीपार जाणाऱ्या मालावर निजामाची जकात वसूल करायची आणि बंदूक सांभाळायची, हे त्याचं काम. सत्तेचाळीसला पलीकडं स्वराज्य आलं, अलीकडं निजाम राहिला, आणि हवा फिरली; गावोगावच्या पाटलांनी, शिपायांनी सरकारी कामं सोडली. ग्यानबानं सोडलं नाही. सटवाजी त्याला चारचौघांत म्हणाला, "तू कोनाची भाकर खातूस?" ग्यानबा म्हणाला, "हाकललेल्यानं मला शिकवू न्हाई." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मधे उरली ती आई, पार्वतीबाई. एकाच्या घरी राहायची, दुसऱ्याला नाक्यावर भाकरी नेऊन द्यायची.

अठ्ठेचाळीसच्या श्रावणात मात्र राहणं अशक्य झालं. निजामाच्या माणसांनी आसपासची दोन गावं जाळली. खालच्या घाटावर पळणाऱ्यांच्या नावेवर गोळ्या चालल्या. माणसं मिळेल त्या वाटेनं वऱ्हाडात निघून गेली. शेवटी सटवाजी, त्याची बायको चतुराबाई, दोन लेकरं, आई आणि शेजारची सहा माणसं एवढी राहिली. जायचं ते लखमाच्या नावेतून, आणि नाव जायची ती नाक्याच्या बंदुकीसमोरून.

आई भाकरी देऊन आली ती निरोप घेऊनच. "ग्यानबा म्हनतो, सोमवारी दोनपारी या. बाकीचे शिपाई जेवाया जात्यात, मी एकलाच आसतो. माझी बंदूक उठायची न्हाई."

"आन् उठली तर?"

"तो बी माझंच लेकरू हाय, सटवाजी."

"अमेरिकेत बी भाऊच व्हते, माय," सटवाजी म्हणाला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं जुनी माणसं म्हणत ते उगाच नाही. बाळापूरच्या बंद पडलेल्या जिनाचे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचे, पत्रे त्यानं गाडीत घालून आणले आणि नावेच्या नाक्याकडच्या अंगाला ठोकले. नुसत्या पत्र्यानं गोळी थांबत नाही हे त्याला ठाऊक होतं. म्हणून आतून कापूस लावला. धामधुमीत बाजार बंद, त्यामुळं कापूस घराघरात पडून होता. गोणपाटात ठासठासून त्याचे छातीएवढे बोजे रचले. वाफेचं इंजिन काही मिळालं नाही. लखमाचे दोन दंड हेच इंजिन. नाक्यावरून दिसू नये म्हणून नाव झाडीत ओढून घेतली आणि तीन दिवस सटवाजी तहानभूक विसरून राबला. हाकलल्यापासून पहिल्यांदा त्याची मान ताठ झाली होती, हे चतुराबाईनं पाहिलं आणि म्हणून ती काही बोलली नाही.

लखमा बोलला. "नाव चार बोटं खाली बसली."

"जहाजं याच्या हजारपट जड आसत्यात."

"जहाजाच्या कडा उंच आसत्यात म्हनं. माझी नाव म्हंजी परात हाय."

"तू भोई हाईस. मी आरमारात व्हतो."

सोमवारी दुपारी ऊन पडलं होतं. नदी गढूळ, दोन्ही काठ भरून. माणसं बसली. सटवाजीनं आईला कापसाला टेकून बसवलं आणि सगळ्यांना बजावलं, "काय बी झालं तरी कापसाच्या आडून हालायचं न्हाई."

लखमानं बांबू रेटला. नाव धारेला लागून तिरपी निघाली. पाणी पत्र्यावर आदळायचं, वरून आत यायचं आणि कापसात मुरायचं. गोणपाट वरून नुसतं ओलं दिसत होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आता बघा, या नावेतलं एकही घर असं नव्हतं, जे बाळापूरच्या बाजारात कापूस नेण्याआधी त्यावर पाणी शिंपडत नव्हतं. वजन वाढतं म्हणून. खुद्द सटवाजीनं लहानपणी तांब्यानं शिंपडलेलं. भिजलेला कापूस किती जड होतो हे त्याला शिकवायला कुणा गोऱ्याची गरज नव्हती. पण तो त्या दिवशी आरमारात होता, गावात नव्हताच.

तेवढ्यात नाक्यावरून ग्यानबा धावत खाली आला. काठाकाठानं नावेबरोबर पळत होता, दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होता. नदीच्या आवाजात एक अक्षर ऐकू येईना.

"तो मान्सं बोलावून राहिला," सटवाजी म्हणाला. "दबा. कापसाला चिकटून बसा."

सगळी त्या अंगाला सरकली. आई तर आधीच टेकलेली. त्या अंगाची कड पाण्याला टेकली, एकदाच, आणि मग वर आलीच नाही. नाव कलंडली. बोजे आधी गेले, माणसं त्यांच्यावर.

ग्यानबानं कपड्यांसकट उडी घेतली. धारेनं सगळ्यांना काठाकडंच लोटलं, म्हणून जमलं. दोन्ही लेकरं त्यानं काढली, मग चतुराबाई. लखमानं उपड्या नावेला धरून बाकीचे वाळूला लावले. आई सापडली ती वळणापाशी, एका बोज्याखाली. सांगितल्याप्रमाणं तिनं तो धरून ठेवला होता.

वाळूवर तिला निजवलं. दोघं भाऊ दोन बाजूंना बसले. किती दिवसांनी इतके जवळ आले होते ते.

"मी वरडून राहिलो व्हतो," ग्यानबा म्हणाला. "कापूस फेका म्हनून. वरून दिसत व्हतं, नाव बसत चालली. तुला मी दिसलो न्हाई का?"

"दिसला."

"मंग?"

सटवाजी आईच्या मुठीतला ओला कापूस सोडवायला लागला.

"बंदूक चौकीतच ठिवून आलो व्हतो," ग्यानबा म्हणाला. "मायनंच सांगितलं व्हतं. सटवाजीला बंदूक दिसली तर तो भेईल म्हने." त्यानं आईच्या तोंडावरची वाळू पुसली. "उठ आता. शिपाई येतील. बाकीच्यांना पल्याड ने. मायला मी देतो अग्नी. ते काम तसं बी थोरल्याचंच आसतं."

लखमानं नाव सरळ केली. पत्रे उपटून वाळूत टाकले. चतुराबाई नवऱ्याकडं न बघता लेकरांना घेऊन चढली. सटवाजी शेवटी चढला आणि नाक्याकडं पाठ करून बसला.

नाव आता हलकी होती, झरझर चालली. अंगावर ना पत्रा, ना कापूस. पलीकडचा काठ येईपर्यंत तो तसाच ताठ बसून राहिला. मागून एखादी तरी गोळी यावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. आली नाही.