आकड्याखालची रेघ

मिस्त्रींनी पिशवीतली वस्तू टेबलावर ठेवली, चष्मा कपाळावर ढकलला आणि तिच्या बुडाखाली हात घालून आधी वजन पाहिलं. वीतभर उंची, दोन फाकलेले पाय, त्यांच्या डोक्यावर एक जाड नळी आणि सगळ्यावर काळ्या रंगाचे इतके थर की मूळ धातू कुठला ते कळू नये.

"शेजारच्या काकू म्हणाल्या, रस काढायचं यंत्र असेल," समोरची बाई म्हणाली. "भाऊ म्हणतो, शिवणयंत्राचा तुकडा."

"भावाला म्हणावं, गप्प बस. वाफेचा घण आहे हा. म्हणजे त्याची लहान प्रतिकृती. नळीत वाफ सोडली की आतला दट्ट्या वर-खाली होतो आणि हा ठोकळा ऐरणीवर आदळतो. खरा घण दोन मजली असायचा. तो चालू झाला की आमच्या कपातला चहा सांडायचा."

बाई चाळिशीची होती, शाळेतून थेट आलेली. बाहीला खडू लागला होता.

"वडिलांच्या ट्रंकेत सापडला," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्याच वर्कशॉपमध्ये होता ना, काका?"

"होतो."

"मग एवढंच सांगा, हे बाबांनी स्वतः बनवलं का? आई म्हणते, उचलून आणलं असणार, चोराच्या ट्रंकेत दुसरं काय निघणार. चोरीचा आळ घेऊन त्यांना काढलं होतं, तुम्हाला ठाऊकच असेल. ते गेले त्या दिवशीसुद्धा आई हेच बोलत होती. मला एकदा तिचं तोंड बंद करायचंय."

"उघडल्याशिवाय काय सांगू? ठेवून जा. महिनाभर लागेल."

घण चार दिवस रॉकेलमध्ये बुडून राहिला. पाचव्या दिवशी मिस्त्रींनी रंग खरवडायला घेतला आणि खालून पितळ निघालं. मग एकेक स्क्रू सैल करत त्यांनी सगळा घण सुटा केला. स्क्रूसुद्धा हाताने केलेले होते. दट्ट्या नळीत इतका नेमका बसत होता की वरून अंगठा दाबला की तो हवेवरच अडून राही. मिस्त्रींच्या तोंडून दोनदा 'वा' निघालं आणि दोन्ही वेळा त्यांना स्वतःचाच राग आला.

शेवटी ऐरणीचा ठोकळा उलटा केला, तेव्हा बुडाशी ठोकलेला आकडा दिसला. 61. खाली छिन्नीने मारलेली छोटी रेघ.

वर्कशॉपमध्ये ज्याने त्याने आपल्या हातच्या कामावर आपला बिल्ला नंबर ठोकायचा, अशी शिस्त होती. अडचण होती ती एकसष्ट आणि एकोणीस या दोन नंबरांची. ठोकायचे पंच इंग्रजी आकड्यांचे, त्यामुळे काम उलटं धरलं की एकाचं दुसऱ्याच्या नावावर जाई. काम शिकवणाऱ्या उस्तादांनी वैतागून नियम केला, आकड्याखाली रेघ मारा म्हणजे खालची बाजू कळेल. एकसष्ट, म्हणजे या बाईचा बाप, हसून म्हणायचा, "मी कोलांटी मारली की तू होतोस रे!" एकोणीस म्हणजे आपले मिस्त्री. त्यांना तेव्हाही हसू आलं नव्हतं.

पुढे उस्तादांनी टूलरूममध्ये एकसष्टला घेतलं. वर्षभरात तिथून वस्तू गायब झाल्या, तेव्हा चौकशीत साक्ष दिली ती मिस्त्रींनी. त्यांनी चोरी होताना पाहिली नव्हती. आपल्याला डावलून त्याला घेतलं, एवढंच पाहिलं होतं आणि तेवढं त्यांना पुरलं.

रविवारी ती काम कुठवर आलंय ते बघायला आली.

"बापाचा बिल्ला नंबर ठाऊक आहे का गं?" मिस्त्रींनी दट्ट्या पुसत सहज विचारलं.

"नाही बाई. बिल्ला तर कारखान्यानेच काढून घेतला."

"आईला?"

"आईसमोर कारखान्याचं नाव काढायची सोय नाही."

ती गेल्यावर मिस्त्रींनी ऐरणीचा ठोकळा शिकंज्यात आवळला. बारीक कानस घेतली. हात अजून थरथरत नव्हता, याचा त्यांना आनंद झाला. रेघ गेली, तशी त्यांनी ती जागा पॉलिश कागदाने सपाट केली. मग ठोकळा उलटा फिरवून आकड्याच्या दुसऱ्या अंगाला छिन्नीचा एकच ठोका दिला आणि नव्या रेघेत तेलात कालवलेली काजळी भरली. खराब काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि हेही केलं नाही.

महिना भरला. घण टेबलावर पिवळाजर्द होऊन उभा होता. मिस्त्रींनी नळीला सायकलचा पंप लावला आणि दांडा तिच्या हाती दिला.

"मार."

तिने पंप मारला. ठोकळा उसळला आणि ऐरणीवर टणकन पडला. ती लहान मुलीसारखी हसली, पुन्हा मारला, पुन्हा हसली. मिस्त्रींनी तिला पोटभर हसू दिलं. मग घण आडवा करून बूड तिच्यापुढे धरलं आणि किल्ल्यांच्या जुडग्यातला आपला जुना बिल्ला शेजारी ठेवला.

तिने दोन्ही आकडे वाचले. मग बिल्ला हातात घेऊन पुन्हा वाचला.

"म्हणजे... हे तुम्ही बनवलं होतं?"

"तरुणपणी. चार महिने खपत होतो. एक दिवस कपाटातून गेलं. कोणी नेलं ते कळत होतं, पण बोललो नाही. दोस्त होता."

तिने पंप खाली ठेवला.

"आईचंच खरं होतं तर," ती म्हणाली. दोन्ही हातांनी तिने घण मिस्त्रींकडे सरकवला. "तुमचं तुमच्याकडे राहू दे, काका. आणि बाबांच्या वतीने मी माफी मागते."

"अगं, तू कशाला? मी केव्हाच माफ केलंय त्याला."

तिचे डोळे भरून आले. ते तिने खडूच्याच बाहीला पुसले.

"घरी गेल्या गेल्या आई विचारेल. काय सांगू तिला?"

मिस्त्रींनी घणावरचे तिच्या बोटांचे ठसे फडक्याने पुसायला घेतले.

"खरं आहे ते सांग," ते म्हणाले.