चोळणारीची लेक

चांगुणानं चोळलं नाही असं लेकरू केडगावात सापडायचं नाही. रडतं बाळ तिच्याकडं द्यावं आणि झोपलेलं परत न्यावं. मग पोटच्या पोरीला ती हात राखून चोळील होय? राही ओट्यावरून पडली, पाठीवर गाठ आली, तशी चांगुणानं ती कोमट तेलानं चोळून काढली. गाठ टणक झाली. तिनं आणखी जोर लावला. वर्षभरात राहीचा खांदा आखडला, मग मान वळेना, आणि प्रत्येक नव्या गाठीला आईचा हात जास्तच नेटानं पडला.

नगरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढं धरला. मांसाच्या जागी हाड दिसत होतं.

"बाई, प्रत्येक पेशीत सगळ्या शरीराची माहिती असते. मांसात मात्र हाड घडवायचं काम बंद असतं. हिच्यात ते बंद राहत नाही. जरा दुखावलं, चोळलं, की तिथं हाड तयार होतं."

"चोळलं तरी?"

"चोळल्यानं तर जास्तच."

"मंग कापून काढा की!"

"कापलं तर दुप्पट येईल. औषध नाही. दाबू-चोळू नका, एवढंच."

चांगुणा फरशीवरच बसली. आईनं लेकीच्या पायावर धोंडा पाडला, तोही माया करून. देवाला दुसरा उद्योग नसावा.

तिनं तेलाची बाटली उकिरड्यावर फेकली, गावातलं चोळायचं काम सोडलं आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. शेजारची लंकाबाई दारात येऊन म्हणाली, "पोरगी कन्हती आन तू हात लावीना? काळीज हाय का न्हाई तुला?" पेशीचं लंकाबाईला काय सांगणार!

एके सकाळी राहीचा जबडा धरला. तोंड बोटभरच उघडत होतं. तेही मिटलं तर पोर उपाशी मरेल.

"आई, चोळ की गं."

"न्हाई."

"थोडंच."

"न्हाई म्हनलं ना!"

"सगळ्या गावाची पोरं चोळलीस. मलाच का न्हाई?"

चांगुणानं हात काखेत दाबून धरले. ते शिवशिवत होते. मग तिनं ताकात भाकरी कुस्करली आणि चमचा पुढं केला.

राहीला रागानं तोंड फिरवायचं होतं. मान वळेना, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.