अकराव्या क्रॉसचा तांब्या

रघुजीने चेंबरचं लोखंडी झाकण पहारेने उचललं, बाजूला सारलं आणि खाली वाकण्याआधी एकदा मागे पाहिलं. मागे अठ्ठावन्न बिंदग्या होत्या. निळ्या, हिरव्या, पिवळ्या, प्लॅस्टिकच्या घागरी, आणि प्रत्येकीच्या मागे एक माणूस. माणसांची भीती एकवेळ परवडली, ती मधूनच डोळे तरी मिटतात. या बिंदग्या चार दिवस तोंडं उघडी टाकून त्याचीच वाट बघत बसल्या होत्या.

"काय वॉल्वमन, आज सोडणार, की नुसतं भोकात बघून जाणार?" कोणीतरी विचारलं.

"सोडतो, सोडतो. स्वल्प सरका मागे."

एवढं बोलायलाही जीभ टाळूला चिकटली आणि सुटताना तिचा आवाज झाला. तो पार पुढच्या गल्लीत, बाराव्या क्रॉसपर्यंत ऐकू गेला असणार, असं त्याला वाटलं.

एप्रिल महिना, अकरा वाजायला आलेले. मोठा नळ सोमवारी फुटला होता आणि आज गुरुवारी जुळला होता. पहाटे पाचपासून रघुजी सायकलवर होता, नऊ वॉल्व झाले होते, हा दहावा. पोटात गेली होती ती एक कप कॉफी. डाव्या पोटरीत मधूनच एक उंदीर इकडून तिकडे धावायचा आणि तो धावला की रघुजीला आपले उस्ताद आप्पाजी आठवायचे.

रघुजी जाधव हा कानडी मुलखातल्या जे. पी. नगरातला, गल्लोगल्ली पाणी सोडणारा, एकवीस वर्षांपासूनचा वॉल्वमन. त्याची चावी माणसाच्या छातीएवढी उंच, अखंड लोखंडाची. एकदा म्हणे त्याने ती नवव्या क्रॉसला एका भिंतीला टेकवली, तर भिंतच दोन बोटं मागे सरकली आणि शेजाऱ्याने जागा दाबल्याची तक्रार केली. त्याच्या कानाचंही असंच सांगतात. रस्त्याला कान लावला की कुठल्या घरात कोण आंघोळीला बसलंय आणि साबण लावून झाला की नाही, हे त्याला कळायचं म्हणे. यातलं निम्मं खोटं धरलं तरी एक गोष्ट सोळा आणे खरी होती. एकवीस वर्षांत, फेरीवर असताना, तो कुणाच्या घरचं थेंबभर पाणी प्यायला नव्हता.

तशी एकदा चूक झाली होती. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात चौथ्या क्रॉसच्या एका बाईंनी हाक मारून ताक दिलं, आणि उन्हातून आलेला रघुजी ते गटागटा प्याला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या क्रॉसची मंडळी पाणीखात्याच्या कचेरीत हजर. वॉल्वमन ताक पितो आणि चौथ्या क्रॉसला दहा मिनिटं जास्त सोडतो, असा अर्ज, खाली एकोणतीस सह्या. तेव्हा त्याला हाताखाली घेतलेल्या आप्पाजींनी सायकल थांबवून सांगितलं होतं, "रघु, ज्या गल्लीत पाणी सोडायचं, तिथे ओठ ओले करायचे नाहीत. पेलाभर पाणी पोटात गेलं की ते आतून मिनिटं मागतं."

मग बाटली जवळ ठेवावी म्हणाल, तर तेही जमेना. कोरड्या घागरींची रांग लागलेली आणि पाणी सोडणाराच तोंड वर करून घटघटा पितोय, हे एका वॉल्वमनने पलीकडच्या भागात एकदा करून पाहिलं होतं. त्याची सायकल लोकांनी झाडावर टांगली, असं सांगतात. रघुजीने कधी खात्री करून घेतली नाही. सायकल एकच होती.

आप्पाजींनी तो नियम तीस वर्षं पाळला आणि आता त्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा त्यांना यंत्राला जोडत. वर गंमत अशी की आता त्यांना पाणी प्यायची बंदी होती, दिवसाला मोजून दोन पेले. गेल्या रविवारी रघुजी भेटायला गेला तर त्यांनी मनगट धरून जवळ ओढलं आणि कानात विचारलं, "बाहेर नळ गळतोय का रे? बघ जरा. सारखा आवाज येतो." रघुजी बाहेर जाऊन बघून आला. बाहेर नळच नव्हता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तो सातव्या क्रॉसला सायकलवरून पडला. भोवळ आली, बाकी काही नाही. बायको तानूबाईने त्याला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टर नीरजा नागपूरच्या, तोंडाने फटकळ, आप्पाजीही त्यांचेच पेशंट.

"लघवीचा रंग कसा आहे?"

रघुजी लाजला. "कॉफीच्या डिकॉक्शनसारखा."

"पहिलं की दुसरं?"

"पहिलं," तानूबाई म्हणाली. "दूध घालायच्या आधीचं."

डॉक्टर हसल्या नाहीत. "हे बघा जाधव. तहान लागायची वाट बघायचीच नाही. काम करताना दर अर्ध्या तासाला चार-पाच घोट. एकदम तांब्याभर नाही, थोडं थोडं. उन्हात असाल तर त्यात चिमूटभर मीठ, साखर. रंग फिकट पिवळा दिसला पाहिजे. नाहीतर मी तुम्हाला तुमच्या आप्पाजींच्या शेजारचा बेड बुक करून देते."

तानूबाईने घरी येऊन विचार केला आणि तोडगा काढला. वॉल्वच्या दांड्यावर सोडायला रघुजी तेलाचा एक चपटा डबा हँडलला लटकवून नेत असे. तिने तसलाच दुसरा डबा राखेने सात वेळा घासून, उन्हात वाळवून, त्यात पाणी भरलं.

"उजवीकडे तेल, डावीकडे पाणी," ती म्हणाली. "चेंबरात वाकायचं आणि प्यायचं. कोण बघतंय?"

"कुणी बघितलं तर?"

"बघितलं तर वॉल्वमन तेल पितो म्हणतील. म्हणू दे. मेला म्हणण्यापेक्षा बरं की नाही अवो?"

मधले दिवस पाणीच बंद होतं, तेव्हा डब्याची परीक्षा आजच होती. आणि नऊ चेंबरं झाली तरी त्याने तो उघडला नव्हता. प्रत्येक वेळी कुणाची ना कुणाची मान चेंबरात डोकावायचीच. अकराव्या क्रॉसवर मात्र त्याने ठरवलं. उंदीर आता दोन्ही पोटऱ्यांत धावत होते. बिंदग्या कधी अठ्ठावन्न दिसत, कधी एकशे सोळा.

त्याने दोन्ही डबे उचलले आणि गुडघ्यावर बसून चेंबरात डोकं घातलं. चार दिवस बंद राहून वॉल्वचा दांडा गंजाने धरला होता. आधी तेल, मग पाणी, असं त्याने मनात घोकलं. मागे कुजबुज चालली होती. डोळ्यांपुढे काजवे. त्याने एक डबा उपडा केला, दांड्यावर चांगली धार धरली, चांगली शेवटच्या थेंबापर्यंत, आणि मग दुसरा तोंडाला लावला.

तेल होतं.

तो खोकत, थुंकत वर आला. तोवर मागच्यांनी चेंबरात पाहिलं होतं.

"अय्यो, पाणी ओततोय. लोखंडाला पाणी पाजतोय हा."

"चार दिवस पोरांची तोंडं धुतली नाहीत आम्ही."

"डब्यात लपवून आणलंय. अजून कुठे कुठे लपवलंय विचारा."

वर्तुळ आवळलं. रघुजीला सगळ्यांचे पाय तेवढे दिसत होते. एकवीस वर्षांत ज्या गल्लीचं त्याने एक मिनिट इकडचं तिकडे केलं नव्हतं, त्या गल्लीचे पाय. काहीतरी बोलायला हवं होतं. पण बोलायला थुंकी लागते आणि ती संपली होती. मग त्याला जे एकच येत होतं ते त्याने केलं. चावी वॉल्वला लावली आणि फिरवायला लागला. या वॉल्वचे फेरे बावीस, आणि शेवटच्या दोन-चार फेऱ्यांशिवाय तो थेंब सोडत नसे. पाच झाले, आठ झाले. अकराव्याला दोन्ही पोटऱ्या एकदम आखडल्या, हाताची बोटं चावीभोवती वळून तशीच राहिली आणि रघुजी रस्त्यावर बसला. बसला म्हणण्यापेक्षा रस्ताच वर आला. ऊन होतं आणि त्याला थंडी वाजत होती. अंगाला घाम म्हणून नव्हता. मला आता यंत्राला जोडणार, हा एकच विचार त्याच्या डोक्यात फिरत होता.

"नाटक," कोणीतरी म्हणालं.

"नाटक करणाऱ्याचे ओठ असे फुटत नाहीत. सरका." ही गोजराबाई. गल्लीच्या अगदी वरच्या टोकाला एकटी राहणारी, सत्तरीची, पिढ्यान्पिढ्या इथेच रुजलेल्या मराठी घरातली. तिने वाकून रघुजीचा हात दाबला, बोटं सुटतात का बघितलं, आणि घराकडे चालू लागली. चढ होता. ती जाऊन येईपर्यंत कुणी पुढे आलं नाही, कुणी मागेही गेलं नाही. फक्त एका पोरसवद्या भाडेकरूने, पुण्याहून आलेल्या शुभंकरने, आपली रिकामी बादली रघुजीच्या डोक्यावर सावलीला धरली. तो व्हाइटफील्डला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि आंघोळीवाचून आज घरी राहिला होता.

गोजराबाई आली ती पितळी तांब्या घेऊन.

"अक्का, घरात पाणी होतं?" बाजूच्या बाईने विचारलं.

"एवढंच. गोळ्या गिळायला ठेवलेलं. मीठ-साखर टाकलीय." तिने तांब्या रघुजीच्या तोंडाशी आणला.

रघुजीने तोंड फिरवलं. तहानेने जीव जात होता आणि तरी मान फिरली. "नको अक्का," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी गल्लीचं पाणी पीत नाही."

"गल्लीचं कुठे आहे? माझं आहे."

"उद्या म्हणतील..."

"उद्या म्हणायला तू पाहिजेस ना. पी. हळू."

तो प्याला. एक घोट, मग थांबून दुसरा. प्रत्येक घोटाबरोबर त्याची भीती वाढतच गेली. आधी मरायची होती, आता जगलो तर काय, याची. अठ्ठावन्न बिंदग्यांसमोर तो गल्लीतलं शेवटचं पाणी पीत होता आणि सगळी गल्ली मोजत होती.

पाय सैल व्हायला दहा मिनिटं गेली. उरलेले अकरा फेरे फिरवायला शुभंकर पुढे आला. "काका, तुम्ही बसा, मी ट्राय करतो." तिसऱ्या फेऱ्याला त्याचा चेहरा टोमॅटो झाला, पाचव्याला त्याने चावी सोडून दोन्ही तळहात काखेत घातले. "काका, हे तुम्ही रोज करता?"

"चाळीस वेळा. वीस उघडताना, वीस मिटताना," रघुजी म्हणाला, आणि उठून उरलेले सहा फेरे त्याने स्वतः फिरवले.

जमिनीखालून घशात खाकरल्यासारखा आवाज आला. मग पाणी आलं. आधी लाल, मग गढूळ, मग पाण्यासारखं. रघुजीने घड्याळ पाहिलं. अकरा वाजून वीस. आज प्रत्येक गल्लीला पस्तीस मिनिटं. पाच कमी बाराला बंद, कारण बारावा क्रॉस खाली तसाच उभा होता.

गल्लीत एकदम सण लागला. पण पाणी खालून वर चढत होतं. वरच्या टोकाला, गोजराबाईच्या नळाला, ते पोचलं तेव्हा साडेअकरा उलटून गेले होते, आणि धार होती शिवणाच्या दोऱ्याएवढी. तिने बिंदगी खाली ठेवली आणि शेजारी उकिडवी बसून राहिली.

अकरा चोपन्नला रघुजीने चावी पुन्हा वॉल्वला लावली. मग जे होणार हे त्याला एकवीस वर्षांपासून माहीत होतं, ते झालं.

"अण्णा, थांबा. अक्काची अर्धीसुद्धा झाली नाही."

"तिच्या पाण्यावर उठून बसलात. दहा मिनिटं द्या की."

हे बोलणारे मघाशी ओरडणारेच होते. आवाजात राग नव्हता, माया होती. म्हणून तर रघुजीच्या हातातली चावी फिरेना. तांब्या पोटात होता आणि खरोखरच आतून मिनिटं मागत होता. दहा मिनिटांनी कुणाचं काय जातं? त्याने वर पाहिलं. गोजराबाई त्याच्याकडेच बघत होती.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती तिथूनच म्हणाली. "घड्याळाकडे बघ."

रघुजीने बावीस फेरे उलटे फिरवले. सावकाश, मोजून. बाविसाव्याला वरचा दोरा तुटला. त्याने झाकण बसवलं, चावी सायकलला बांधली आणि सायकल तशीच सोडून चढ चढून वर गेला.

"आत ठेवून देऊ?" त्याने बिंदगीकडे हात केला.

"राहू दे. अर्धीच तर आहे, मला झेपते." ती कमरेवर हात देत उठली. "आता परवा येशील तेव्हा दारात थांबून पाणी मागायचं. बदल्यात एक मिनिट मागणार नाही मी. सरी? चालेल?"

"सरी, अक्का."

तिने बिंदगी कडेवर घेतली आणि आत निघाली. भरलेली बिंदगी मुकाट जाते. ही प्रत्येक पावलाला हिंदकळत होती, डुचुक, डुचुक, पायरीवर, उंबऱ्यावर, मग आत स्वयंपाकघरापर्यंत. रघुजी फाटकाशी उभा राहून, तो आवाज थांबेपर्यंत ऐकत राहिला.