ताईच्या गालावरचं मलम

आमच्या घरात अंड्याची वाटणी ठरलेली होती. पांढरं ताईचं, पिवळं माझं. आई उकडलेलं अंडं मधोमध कापायची, चमच्याच्या टोकाने पिवळा गोळा अलगद उचलायची आणि माझ्या ताटलीत ठेवायची. नजर मात्र ताईच्या ताटलीवर. जणू पिवळ्याचा एखादा कण चुकून तिकडे सांडला, तर उद्या सकाळी ताईच्या गालावर पुटकुळी होऊन उगवेल!

"पोटात गेलेलं लोणी-तेल तोंडावरच बाहेर येतं," हे आईचं ब्रीदवाक्य. त्यामुळे कढईची हकालपट्टी झाली. भाज्या उकडलेल्या, पाव कोरडा, दूध साय काढून काढून पार निळसर पडलेलं. मासे, दाणे, लोणी, सगळ्यांना दारबंदी. बिस्किटं आणि डब्यातला गोड रस मात्र ताईला हवा तेवढा. का, तर डब्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असायचं, यात चरबी अजिबात नाही!

ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती अशी पोहायची, की माणसं जाता जाता तलावाच्या कठड्याशी थांबायची. मग तोंडावर पुरळ आलं. आधी कपाळावर, मग गालांवर, मग जबड्याखाली दुखऱ्या गाठी. एकदा तलावावर कुणीतरी नाक मुरडून म्हणालं, "हिच्यानंतर पाण्यात उतरायचं म्हणजे जिवावर येतं बाई." ताई घरी आली, ओला टॉवेल दोरीवर टाकला, आणि तो पुन्हा कधी भिजलाच नाही. अजून तिथेच आहे, पापडासारखा कडक. पुढे कॉलेजही सुटत सुटत सुटलं. केस गालांवर ओढून ती मागच्या खोलीत बसून राहायची. मी शाळेतून ओरडत आले, तरी दाराकडे वळायची नाही. मला माझी ताई परत हवी होती, बस. बाकी काही नको.

पुढच्या खोलीत आईचं पार्लर. बाबा गेल्यावर तिने तिथला त्यांचा पलंग काढून टाकला आणि मागे झुकणारी खुर्ची आणली. पार्लर चाललं ते तिच्या मलमावर. खोबरेल तेल, कोको बटर आणि मेण एका पातेल्यात, ते पातेलं उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात, आणि आई लाकडी चमच्याने ढवळत उभी. गार झालं की घट्ट, पिवळसर, वास असा की बोट चाटावं. पावडरकाकू तर त्यावर फिदा होत्या. मानेपर्यंत पावडर थापून येतात म्हणून हे नाव मीच ठेवलंय. त्यांचे कोरडे, सुरकुतलेले गाल मलमाने खरंच मऊ व्हायचे. "तुझ्या आईच्या हाताला जादू आहे गं," त्या मला म्हणायच्या आणि आरशात स्वतःवरच खूश व्हायच्या.

संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेलं की आई मागच्या खोलीत यायची. ताई न सांगता मान वर करायची. आई आधी गरम टॉवेलने तिचा चेहरा खसाखसा घासायची, मग दोन्ही हातांनी मलम चोळायची, कपाळापासून गळ्यापर्यंत, गोल गोल, कितीतरी वेळ. नवं पातेलं उतरलं की पहिलं बोट ताईच्याच गालावर. सकाळी नवे फोड दिसले की म्हणायची, "निघतंय ना, निघू दे. आतली घाण बाहेर पडतेय." आणि त्या संध्याकाळी थर आणखी जाड.

ताटातलं तेल थेंबाथेंबाने पुसून काढायचं आणि तेच तोंडाला चोपडायचं! पण रोज डोळ्यांसमोर घडतं ते कुणाला दिसतंय?

हिवाळ्यात ताई जिन्यातच चक्कर येऊन बसली. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले होते, पाळीचा पत्ता नव्हता. "अशक्तपणा आहे, दुसरं काय," आई म्हणाली आणि तिच्या हातावर आणखी एक बिस्कीट ठेवलं.

नेमका तेव्हाच मला कंठ फुटला होता. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून गप्प बसणं म्हणजे छळच वाटायचा. शाळेत त्वचेच्या डॉक्टरबाई बोलायला आल्या आणि "कुणाला काही विचारायचंय?" म्हणाल्या, तर सगळ्या पोरी एकमेकींच्या पाठीमागे लपल्या. मी ताडकन उभी.

"मॅडम, लोणी खाल्लं की पिंपल्स येतात का?"

"पोटापासून गालापर्यंत लोण्याची नळी नसते गं," त्या म्हणाल्या. वर्ग खो-खो हसला. मग त्या गंभीर झाल्या. "काहींना गोडधोडाने त्रास वाढतो, काहींना दुधाने. सगळ्यांना नाही. मासे, दाणे यांतली चरबी तर अंगाला लागतेच, ती सरसकट तोडायची नसते. पण आधी मला सांग, चेहऱ्याला काय लावतेस?"

"मी नाही, माझी ताई," म्हटलं, आणि पुढचं सांगणार, तोच ते पातेलं दिसलं मला. वक्तृत्वातली पहिल्या नंबरवाली मटकन खाली बसली.

वाचनालयात जातो म्हणून आईला थाप मारली आणि ताईला ओढत दवाखान्यात नेलं. ती तोंडाला ओढणी गुंडाळून आली. डॉक्टरबाईंनी तिची हनुवटी उजेडाकडे वळवली, जरा जवळ वाकल्या.

"खोबरेल?"

"हो. आणि मेण, आणि कोको बटर," मीच सांगून टाकलं.

त्यांनी रागावून पाहिलं नाही, तेच जास्त लागलं. आधीच तेलकट असलेल्या चेहऱ्यावर इतका जड थर बसला की छिद्रं बुजतात, म्हणाल्या, आणि घासल्याने सूज चढते. सौम्य साबणाने हळूच धुवायचं, एक पातळ जेल वाटाण्याएवढं लावायचं, चोळायचं मुळीच नाही. खाण्यापिण्याचं, चकरांचं, सगळं मी सांगितलं, तसं रक्तही तपासायला सांगितलं. "आणि पोटभर जेव, पोरी. पिवळ्यासकट." मग ताईच्या गालाकडे बघत हळूच म्हणाल्या, "काही डाग राहतील. नवे मात्र थांबवू."

येताना मी रस्त्याने उड्या मारत होते. "सुटलो! आजच आईला सांगते!"

"नको सांगूस," ताई म्हणाली.

"अगं, का?"

"मला माहीत होतं."

मी थांबलेच. ती पुढे चालत राहिली, माझ्याकडे न बघता. "मावशी आजारी होती तेव्हा आई आठवडाभर तिच्याकडे होती ना. मलम बंद होतं. तेव्हा गाठी बसायला लागल्या होत्या."

"मग परत लावून का घेतलंस? वेडी आहेस का तू?"

"बाबा गेल्यापासून आई दुसऱ्या कुठल्या कारणाने मला हात लावते, सांग बघू."

उड्या मारणं विसरून मी तिच्या मागे मागे घरी आले.

पण त्याच संध्याकाळी नवं पातेलं उतरलं. पावडरकाकू मलमाची डबी भरून न्यायला दारात उभ्या. आई म्हणाली, "थांबा हं, आधी हिच्या गालावर बघते," आणि दोन बोटं भरून मागच्या खोलीत आली. ताईने डोळे मिटून मान वर केली. तिचा गळा मला दिसला, काटक्यांचा असावा तसा. मग माझ्याने राहवेना.

"आई, लावू नकोस ते! त्यानेच होतंय सगळं!"

"काय?"

"मलमाने. डॉक्टरबाईंना दाखवून आलोय आम्ही."

"अगोबाई," काकू दारातून म्हणाल्या, "मी इतकी वर्षं लावतेय, माझे गाल बघ की!"

"तुमचे गाल कोरडे, काकू! तिचे नाहीत!"

काकूंनी हातातली डबी हळूच टेबलावर ठेवली. "उद्या येते हं मी," म्हणाल्या आणि चपला पायात पूर्ण न सरकवताच गेल्या.

"गिऱ्हाइकासमोर," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तू केव्हा डॉक्टरीण झालीस गं?" मग ताईकडे वळली. "ही म्हणते ते खरं?"

ताईने डोळे आणखी घट्ट मिटले.

"आणि तुला ठाऊक होतं?"

ताईची मान तशीच वर. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. आईने आपल्या चकचकीत बोटांकडे पाहिलं आणि ती अ‍ॅप्रनला पुसायला लागली. पुसत राहिली. तेल काही जाईना.

दुसऱ्या दिवशी ताईच्या ताटलीत अख्खं अंडं होतं. पुढे मासे आले, दाणे आले, बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर गेला. घरात बोलणं मात्र कुणीच आणलं नाही. काकू दोन आठवड्यांनी आल्या, आईने त्यांचे गाल चोळले, पण डबी नेता का, असं विचारलं नाही. आणि संध्याकाळी मागच्या खोलीत ती येईनाशी झाली. जेल ताई स्वतःच लावायची.

वसंतापर्यंत गाठी बसल्या. खड्डे राहिले, तपकिरी डागही राहिले. ताईची चक्कर थांबली. जिंकले ना मी? मग घर असं का, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं? ताई अजून तलावाचं नाव काढत नव्हती. दिवे लागायच्या वेळेला तोंड धुऊन यायची आणि दाराकडे तोंड करून बसायची. आता वळली होती दाराकडे, पण माझ्यासाठी नव्हे.

एका संध्याकाळी मला तो टॉवेल, ती खुर्ची, ते दार, काहीच बघवेना. आई पुढे आरसे पुसत होती. मी जेलची ट्यूब तिच्या हातात कोंबली.

"तू लाव तिला."

"मला नाही त्यातलं कळत. तूच लाव, तुला येतं सगळं."

"मला येत नाही," मी म्हटलं. आणि रडूच आलं.

आई हात धुऊन आत आली. ताईने मान वर केली. आईने वाटाण्याएवढं जेल बोटावर घेतलं, इतकंसं बघून गोंधळलीच, मग टिपटिप करत लावलं. कपाळ, एक गाल, दुसरा गाल, हनुवटी. चोळायचं नव्हतं. पापणी लवेपर्यंत संपलं. गोल गोल फिरायची सवय असलेले तिचे दोन्ही हात ताईच्या चेहऱ्याजवळ हवेतच थांबले.

"झालं," आई म्हणाली. "एवढंच?"

ताईने डोळे उघडले नाहीत. "हनुवटीखाली राहिलंय."

काही राहिलं नव्हतं. मला तिथली ओली चकाकी दिसत होती. आई वाकली, खिडकीतून येणाऱ्या उरल्यासुरल्या उजेडात कितीतरी वेळ बघत राहिली.

"हो की," ती म्हणाली, आणि रिकामं बोट तिथे टेकवलं.