मार्चची तिकिटं, एप्रिलचं गाणं

कोणता स्पीकर कुठं लावायचा आणि बद्रीनाथ गाडेकरच्या मनात काय चाललंय, या दोन गोष्टी राजकुमार हिवराळेला बिनचूक कळायच्या. बाकी जगाचं त्याला फारसं कळत नसे आणि त्याचं त्याला वाईटही वाटत नसे. पण त्या वर्षी मार्च सरता सरता बद्रीनाथच्या मनातलंही कळेनासं झालं, तेव्हा मात्र तो पार गोंधळून गेला.

दोघांची भागीदारी जुनी. बद्रीनाथ फुलंब्रीचा. घरची शेती होती, पण जीव स्वतःच्या मंडपाच्या धंद्यात. राजकुमारचं पुंडलिकनगरात साउंडचं दुकान. लग्नं, जयंत्या, संमेलनं करता करता दोघांनी ‘एच.जी. लाइव्ह’ नावाची कंपनी काढली. कंपनी तीन कामं करायची. स्वतःचे कार्यक्रम भरवायचे, कव्वालीचे, गझलेचे, भीमगीतांचे. दुसऱ्यांच्या नाटकांची अन् हास्याच्या कार्यक्रमांची तिकिटं मोबाइलवरून विकायची. आणि स्टेजवर जाहिरातदारांचे बॅनर लावायचे. राजकुमारच्या घराखालच्या गाळ्यात ऑफिस, बाहेर दोन टेम्पो. बरं चाललं होतं.

मग बद्रीनाथची मुलगी तनुजा दातांची डॉक्टर झाली. तिला फुलंब्रीतच दवाखाना टाकायचा होता. बद्रीनाथ म्हणाला, “राजा, आता म्या पोरीच्या मागं उभा राहतो. मार्चअखेरपर्यंतची कमाई अर्धी-अर्धी वाटून घेऊ, अन् तू कंपनी सांभाळ.” राजकुमारला वाईट वाटलं, पण त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं. दोघांनी तसं लिहून सह्या केल्या.

भांडण निघालं ते तिकिटांवरून. एप्रिलात भीमजयंतीच्या आधल्या रविवारी गारखेड्याकडच्या मैदानावर नागपूरच्या एका गायिकेचा मोठा कार्यक्रम ठरला होता. कंपनीनं आजवर केला नव्हता एवढा मोठा. बद्रीनाथनं जाता जाता जीव ओतून तिकिटं विकली. फुलंब्रीच्या बाजारात उभा राहिला, खुलताबादच्या बचत गटांत जाऊन बसला, वाळूजच्या कामगारांना गाठलं. मार्च संपायच्या आत सगळी तिकिटं खपली. बँकेत एवढे पैसे दोघांनी कधी पाहिले नव्हते. बद्रीनाथनं मनातल्या मनात त्यातल्या अर्ध्यातून दवाखान्याची खुर्चीसुद्धा घेऊन ठेवली.

कंपनीचा हिशेब राजकुमारची भाची संध्या बघायची. पोरगी नुकतीच सीए झालेली, शांत, आणि जे आहे ते तोंडावर सांगणारी. तिनं दोघांना समोर बसवलं.

“बद्रीमामा, बँकेत आहेत ते सगळे पैसे म्हणजे आपली कमाई नाही.”

“मंग कोणाची? शेजाऱ्याची?”

“काही खरंच शेजाऱ्याचे आहेत. नाटकवाल्यांची तिकिटं आपण विकली, त्याचे पैसे त्यांचेच. त्यातली फक्त आपली फी आपली. ती मात्र तिकीट विकलं त्याच दिवशी आपली होते, कारण विकून देणं एवढंच आपलं काम होतं. नाटक बरं झालं की वाईट, आपल्याला घेणं नाही.”

“हे पटलं,” राजकुमार म्हणाला. त्याला खरंच पटलं होतं.

“बियाणं कंपनीनं वर्षभराच्या बॅनरचे पैसे आधीच दिलेत. पण ठरलेल्या कार्यक्रमांपैकी काही अजून व्हायचे आहेत. जेवढे झाले तेवढ्यांचेच पैसे कमाईत.”

“हेबी ठीक,” बद्रीनाथ म्हणाला. “अन् गारखेड्याचा कार्यक्रम? तो तर आपलाच हाय.”

“आपला आहे म्हणूनच त्यातला एक पैसाही मार्चच्या कमाईत धरता येत नाही. आपण लोकांना गाणं विकलंय. अजून ऐकवलेलं नाही. बाई गातील त्या दिवशी ती कमाई.”

“अन् बाईला ॲडव्हान्स दिला तो? तो तर खर्चात गेला का नाय?”

“तोही नाही गेला. तोही गाण्याच्या दिवशीच.”

राजकुमारला गरगरायला लागलं. एकाच खात्यात पडलेले पैसे, त्यातले काही आजचे, काही उद्याचे, काही आपले नव्हेतच! आणि गेलेला पैसासुद्धा अजून गेलेला नाही! त्यानं आशेनं बद्रीनाथकडे पाहिलं. असल्या वेळी बद्रीनाथ काहीतरी वाकडं बोलायचा आणि दोघं हसायचे. बद्रीनाथ हसला नाही.

“उन्हातान्हात तिकिटं म्या विकली,” तो म्हणाला. “मार्चात विकली. पैसे मार्चात आले. अन् कमाई एप्रिलची. एप्रिलात म्या नसणार. म्हंजे सगळं राजाचं.” तो उठला. “अन् हे सांगणारी कोण? तर राजाची भाची.”

संध्याचा चेहरा उतरला. राजकुमार दोघांच्या मधे अडकला. नियम चूक आहे म्हणावं, तर संध्या खोटं बोलत नव्हती. बरोबर आहे म्हणावं, तर सगळा फायदा त्याचाच होत होता. नियम आपल्याला खरंच कळला की नुसता सोयीचा वाटला, हेच त्याला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी संध्याला न सांगता तो सिडकोतल्या एका वयस्कर सीएकडे जाऊन आला. त्यांनीही तेच सांगितलं. घरी आल्यावर त्यानं बायकोला, रत्नमालाला, सगळं ऐकवलं. ती भाजी निवडत होती.

“नियम खराच असंल,” ती म्हणाली. “पण बद्रीभाऊ उन्हात फिरले तेबी खरंच की.”

“अगं, मग करू काय म्या?”

“ते मला काय विचारता? कंपनी तुमची.”

मार्च संपला. बद्रीनाथ आला, संध्यानं काढलेला वाटा घेतला, जिथं सांगितलं तिथं सही केली. चहा आला होता, तो तसाच ठेवून निघून गेला.

कार्यक्रमाचा रविवार उजाडला. बद्रीनाथ नसल्यानं मंडपाचं काम शहरातल्या एका नव्या ठेकेदाराला दिलं होतं. दुपारपर्यंत सगळं झकास होतं. मग दौलताबादच्या बाजूनं आभाळ काळंभोर झालं आणि असं वादळ सुटलं, की कापड फाटून शेजारच्या शाळेच्या भिंतीला जाऊन चिकटलं, खांब आडवे झाले आणि स्टेजचं छत खाली बसलं. माणसं अजून आत सोडली नव्हती म्हणून कोणाला लागलं नाही. राजकुमारनं स्पीकर आधीच टेम्पोत भरले होते, तेवढे वाचले. ठेकेदाराचा फोन बंद.

गेटवर गर्दी जमायला लागली. खुलताबादहून टेम्पो भरून बाया आल्या होत्या. सगळ्यांनी पांढऱ्या साड्या नेसल्या होत्या, त्या चिखलानं भरल्या. त्यांच्या पुढारी केसरबाई राजकुमारसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“भाऊ, गाणं व्हनार का नाय?”

“मावशी, बघतो...”

“नाय व्हनार तर पैशे माघारी भेटतेत ना? गटाच्या पोरींनी मजुरीतून दिलेत.”

राजकुमारनं हात जोडले. बँकेतले ते सगळे पैसे आता या बाईचे होते, हिच्या मागच्या बायांचे होते, गेटवरच्या प्रत्येक माणसाचे होते. अर्धे वाटले असते, तर आज कुठून आणले असते?

संध्या छत्री सावरत आली. “मामा, मी हॉटेलवर बोलले. गाणाऱ्या बाई उद्या संध्याकाळपर्यंत थांबायला तयार आहेत. पण मंडप?”

मंडप कोण उभारून देणार, हे दोघांनाही माहीत होतं. राजकुमारनं फोन हातात घेतला, नाव काढलं, आणि परत खिशात ठेवला. कोणत्या तोंडानं सांगणार?

फोन करावाच लागला नाही. तासाभरात हर्सूलच्या रस्त्यानं एक ट्रक आला. वर बांबू, ताडपत्र्या आणि फुलंब्रीची माणसं. पुढं ड्रायव्हरशेजारी बद्रीनाथ. राजकुमार धावत गेला.

“बद्री, तू आलास!”

“तुह्यासाठी नाय आलो,” बद्रीनाथ त्याच्याकडे न बघता म्हणाला. “तिकिटं म्या विकली. दुपारपासून फोन चालू हायेत, ‘गाडेकर, आमच्या पैशाचं काय’ म्हून. कंपनी कोनाची अन् महिना कोनता, लोकाला काय करायचंय?” मग तो गेटकडे वळला आणि मोठ्यानं म्हणाला, “केसरबाई, उद्या याच टायमाला या. गाणं व्हईन. नाय झालं तर पैशे माह्याकडून घ्या.”

मार्चच्या तिकिटांचे पैसे मार्चचेच म्हणून भांडून गेलेला माणूस गाणं झालं नाही तर ते परत द्यायला निघाला होता, आणि तेही त्यानं न घेतलेले! राग आहे की प्रेम आहे, मान्य केलं की टोमणा मारला, राजकुमारला काहीच उलगडेना. “वायर धर,” बद्रीनाथ ओरडला, तेव्हा त्यानं मुकाट्यानं वायर धरली.

सोमवारी गाणं झालं. काही लोकांना सुट्टी मिळाली नाही, त्यांचे पैसे संध्यानं परत केले. पण मैदान भरलं. गायिकेनं पहिला सूर लावला आणि खुलताबादच्या बाया उभ्या राहून टाळ्या वाजवायला लागल्या. साउंडच्या टेबलामागून राजकुमारनं पाहिलं, बद्रीनाथ एका खांबाला टेकून, दोरीवर हात ठेवून ऐकत होता. जवळ मात्र आला नाही.

आठवड्यानं त्याचं मंडपाचं बिल आलं, इतर गिऱ्हाइकांना लावतो त्याच दरानं. राजकुमारनं ते संध्यापुढं ठेवलं.

“संध्या, नाटकाचं तिकीट विकलं की फी त्याच दिवशी आपली होते, म्हणालीस ना?”

“हो.”

“मग बद्रीनं मार्चात तिकिटं विकली, त्याची फी?”

“तो तेव्हा भागीदार होता, मामा. स्वतःच्याच कंपनीला स्वतःच फी लावत नाहीत. हिशेबात तसं बसत नाही.” तिनं बिल फाइलला लावलं. “पण तुला द्यावीशी वाटली तर दे. आता गाणं झालंय, पैसे तुझे आहेत. मी तो यंदाचा खर्च म्हणून दाखवीन. ते खोटं होणार नाही.”

“म्हणजे द्यायला पाहिजे का नाही?”

“ते हिशेब सांगत नाही.”

राजकुमार मोटरसायकल काढून फुलंब्रीला गेला. तनुजाच्या दवाखान्याला रंग चालू होता. बद्रीनाथ उंबऱ्यावर बसला होता. राजकुमारनं चेक पुढं केला. नाटकवाल्यांकडून घेतो त्याच दरानं फी, आणि मंडपाचं बिल.

“हे जास्तीचं कशाचं?”

“तिकिटं विकल्याची फी.”

“अर्धा वाटा नाय?”

“अर्धा देतो म्हणलं तर घेशील?”

बद्रीनाथनं चेक उलटून-पालटून पाहिला. “नाय,” तो म्हणाला. “त्या दिवशी गेटवर उभा राहिलो तवा समजलं, ते पैशे आपले नव्हतेच अजून. पण तुह्या भाचीनं सांगितलं तवा लई लागलं मला. अजूनबी लागतं.” त्यानं चेक घडी करून खिशात घातला. “तिला म्हणावं, बद्रीमामा तोंड सोडून बोलला, ते मनात ठेवू नको.”

आतून आशाबाईंनी, बद्रीनाथच्या बायकोनं, विचारलं, “राजूभाऊ, चहा ठेवू का?”

“ठेव,” बद्रीनाथच म्हणाला.

पुढं दोघं पुन्हा भागीदार झाले नाहीत. कंपनीचा मंडप मात्र फुलंब्रीहूनच यायचा, आणि त्याचं बिल रीतसर. बद्रीनाथनं मनातून माफ केलं की नुसता व्यवहार ठेवला, हे राजकुमारला कधी नीट कळलं नाही. विचारायचं त्यानं दोन-तीनदा ठरवलं होतं. दर वेळी चहा यायचा आणि बोलणं दुसरीकडेच जायचं.